कोलंबसमध्ये निळा सदरा घालण्याआधी: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांत पहिल्यांदा वावरताना

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोलंबस या ओहायो राज्यातल्या शहरात, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात फिरलात, तर पाट्यांवरचं इंग्रजी ‘एम’ हे अक्षर लाल चिकटपट्टीची फुली मारून झाकलेलं दिसेल. इमारतीचं नाव असो की रस्त्याच्या कडेचा नकाशा, ‘एम’ सुटत नाही. ऑगस्टमध्ये पुण्या-नाशिकहून आलेल्या मुलांना वाटतं, कुणीतरी टवाळखोरी केलीय. पण त्या शनिवारी शेजारच्या राज्यातल्या मिशिगन विद्यापीठाशी सामना असतो, आणि तेवढा आठवडा मिशिगनचं आद्याक्षर इथे कुणाला डोळ्यांसमोर नको असतं.

मी कोल्हापूरचा. पाटाकडील आणि दिलबहार हे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की एकाच घरातली माणसं दोन बाजूंना बसलेली मी लहानपणापासून पाहिली. खुन्नस म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी कोलंबसला आल्यावर इथले चाहते कळायला मला दोन हंगाम लागले. हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नाही, लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा आहे, हे पहिल्या दिवशी कळतं. माणसं कळायला वेळ लागतो. तुमचे दोन हंगाम वाचावेत म्हणून हे लिहितोय. माझी बरीचशी उदाहरणं ओहायो आणि मिशिगनची आहेत, कारण तेच मी जवळून पाहिलंय. पण तुम्ही टेक्सासात असा की अलाबामात, पायऱ्या याच.

पहिली पायरी: आपला वैरी कोण, ते नीट शोधा

विद्यापीठात प्रवेश मिळाला की संघ आपोआप मिळतो. वैरी मात्र शोधावा लागतो, कारण समोर आलेला प्रत्येक संघ वैरी नसतो. एका हंगामात साधारण १२ सामने होतात, ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत. त्यातल्या दहा-अकरा सामन्यांत पाहुण्या चाहत्यांशी लोक अगदी प्रेमाने वागतात. एक किंवा दोन सामने वेगळे असतात.

ओहायो आणि मिशिगनचं वैर फुटबॉलच्याही आधीचं आहे. १८३५ साली टोलेडो शहर आणि त्याभोवतालच्या पट्ट्यावरून दोन्हीकडच्या सैन्यतुकड्या सरहद्दीवर उभ्या राहिल्या होत्या. शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं, मिशिगनला वरचा मोठा द्वीपकल्प मिळाला आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जाही. दोन्ही विद्यापीठांचा पहिला सामना १८९७ चा. मिशिगनने तो ३४-० असा जिंकला. १९३५ पासून हा सामना नियमित हंगामाच्या अगदी शेवटी ठेवला जाऊ लागला. त्याला इथे नाव नाही, नुसतं ‘द गेम’ म्हणतात. १९३४ पासून मिशिगनला हरवणाऱ्या ओहायोच्या खेळाडूंना सोन्याची इवलीशी विजार मिळते. सुरुवातीला प्रशिक्षक फ्रान्सिस श्मिट म्हणाले होते की मिशिगनवालेही आपल्यासारखीच एकेक पाय घालून विजार चढवतात; त्यावरून ही प्रथा पडली. आणि ओहायोचे विख्यात प्रशिक्षक वूडी हेज मिशिगनचं नावच घ्यायचे नाहीत, ‘तो उत्तरेकडचा संघ’ म्हणायचे. आजही कोलंबसची म्हातारी माणसं तसंच म्हणतात. माहेरच्या माणसांसमोर सासूचं नाव टाळावं तसा तो उल्लेख असतो.

बाकीच्या जोड्या पटकन सांगतो. पर्ड्यूला गेलात तर इंडियानाशी गाठ आहे, आणि जिंकणाऱ्याला १९२५ पासून एक जुनी ओकची बादली मिळते. बर्कली आणि स्टॅनफर्ड एका कुऱ्हाडीसाठी भांडतात. अलाबामा आणि ऑबर्नमध्ये अख्खं राज्य दुभंगलेलं आहे. टेक्सास आणि ओक्लाहोमा दर ऑक्टोबरात डॅलसच्या जत्रेत खेळतात. स्टेडियम बरोबर मधोमध वाटलेलं, अर्धं विटकरी केशरी आणि अर्धं गडद लाल. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना एक गोष्ट बहुधा माहीत नसते: या सगळ्याची सुरुवात त्यांच्याच अंगणात झाली. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असं हरवलं, तो पहिला कॉलेज सामना मानतात.

एक बारकावा लक्षात ठेवा. वैर दोन्ही बाजूंनी सारखं असेलच असं नाही. मिशिगन स्टेट हे त्याच राज्यातलं दुसरं विद्यापीठ, आणि तिथल्या लोकांसाठी मिशिगन हाच मोठा वैरी. मिशिगनवाल्यांची नजर मात्र ओहायोवर. मिशिगन स्टेटच्या माणसाला सगळ्यात जास्त झोंबतं ते हे दुर्लक्ष. त्यांच्यासमोर ‘तुमचा सामना काय, तो किरकोळ’ असं चुकूनही म्हणू नका.

दुसरी पायरी: कपाट उघडा

शनिवारी सकाळी काय घालता यावर त्या दिवसाची निम्मी वागणूक ठरते. कोलंबसमध्ये लाल आणि राखाडी. मिशिगन विद्यापीठाच्या गावी, ॲन आर्बरमध्ये, गडद निळा आणि मक्याच्या दाण्याचा पिवळा. निळी जीन्स चालते, तिच्याकडे कुणी बघत नाही. निळा सदरा किंवा निळं जॅकेट घालून मात्र सामन्याच्या दिवशी कोलंबसमध्ये उभे राहिलात, तर दर दहा पावलांवर कुणीतरी काहीतरी बोलेल.

माझ्याबरोबर राहणारा एक मुलगा आईने दिलेलं निळं स्वेटर घालून त्या शनिवारी बाहेर पडला. थंडी होती, त्याच्याकडे तेवढंच जाड होतं. कोपऱ्यावर एक बाई ओरडल्या, ‘पोरा, हे काय घातलंस!’ तो घाबरला. बाईंनी स्वतःच्या गळ्यातला लाल मफलर काढला, त्याच्या स्वेटरवर गुंडाळला, नीट बसला का ते बघितलं आणि निघून गेल्या. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली आणि तीच तुम्हाला सांगतो: इथल्या चाहत्याच्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा. ओरडणाऱ्याचा हात काय करतोय यावरून तो खेळीमेळीत आहे की खरोखर भडकलाय, हे नव्वद टक्के कळतं.

रंगांच्या छटांना फार महत्त्व आहे. टेक्सासचा केशरी विटकरी, टेनेसीचा उजळ संत्र्यासारखा. एकाच्या गावात दुसऱ्याचा केशरी चालत नाही. काही सामन्यांना विद्यापीठ आधीच जाहीर करतं की सगळ्यांनी एकच रंग घाला. पेन स्टेटमध्ये असा पांढरा सामना होतो, त्यात एक लाखाहून जास्त माणसं पांढऱ्यात असतात. विद्यापीठाच्या पानावर तो रंग पाहून घ्या. नवा सदरा महाग असतो. विद्यापीठाच्या गावांतल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत तोच चार-पाच डॉलरला मिळतो. आणि नोव्हेंबर असेल तर आत थर्मल घाला. शून्याच्या आसपासच्या हवेत लोखंडी बाकावर साडेतीन तास बसायचं असतं.

तिसरी पायरी: खेळ थोडा, ओरडण्याची वेळ पूर्ण

नियम किती यायला हवेत? फार नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही गेलात तर चेंडू समोरच्याकडे. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की ६ गुण, नंतर लाथेने १ किंवा पुन्हा आत नेऊन २, आणि दुरून खांबांच्या मधून मारला तर ३. एवढ्यावर पहिला सामना निभतो.

पण ओरडायचं कधी, हे चुकलं तर शेजारचा माणूस खरोखर नाराज होतो. आपल्याला वाटतं आपल्या संघाकडे चेंडू आला की जल्लोष करावा. इथे उलटं आहे. आपल्याकडे चेंडू असतो तेव्हा चिडीचूप बसायचं, कारण आपला क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, ओरडून सहकाऱ्यांना खुणा सांगत असतो आणि त्या ऐकू जायला हव्यात. समोरच्याकडे चेंडू गेला की घसा फाडायचा, म्हणजे त्यांच्या खुणा ऐकू जाणार नाहीत. त्यातही समोरच्याचा तिसरा प्रयत्न असला की सगळे उभे राहतात. एक लाख माणसांच्या आवाजाने समोरच्या खेळाडूंचा गोंधळ उडतो आणि ते वेळेआधी हलतात. त्याची त्यांना पाच यार्डांची शिक्षा होते. म्हणजे चाहत्याच्या आवाजामुळे मैदानावर खरंच फरक पडतो. टेक्सास ए अँड एममध्ये म्हणूनच विद्यार्थी स्वतःला ‘बारावा खेळाडू’ म्हणवतात आणि पूर्ण सामना उभे राहून बघतात. तिथे बसलात तर लोक हटकतील.

आपली हाक पाठ करा. कोलंबसमध्ये कुणी ‘ओ-एच’ म्हटलं की ‘आय-ओ’ म्हणायचं. विमानतळावर, लग्नात, डॉक्टरकडे, कुठेही. अलाबामात ‘रोल टाइड’, ऑबर्नमध्ये ‘वॉर ईगल’, ॲन आर्बरमध्ये ‘गो ब्लू’. दोन अक्षरांत ओळख पटते. नव्या गावात एकटं वाटत असताना ही हाक किती आधार देते, हे मी शब्दांत सांगू शकणार नाही.

चौथी पायरी: टेलगेटला जा, सामन्याचं तिकीट नसलं तरी

माझं स्पष्ट मत आहे की चाहते समजून घ्यायचे तर स्टेडियमपेक्षा बाहेरच्या वाहनतळावर जास्त कळतात. सामन्याआधी चार-पाच तास लोक गाड्यांची मागची दारं उघडून तंबू ठोकतात, शेगड्या पेटवतात, खाऊपिऊ घालतात. त्यालाच टेलगेट म्हणतात. दुपारी १२ चा सामना असेल तर सकाळी सातला कोळशाचा वास सुटलेला असतो. ॲन आर्बरमध्ये लोक घरासमोरच्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू देतात, आणि स्टेडियमसमोरचं गोल्फचं मैदान गाड्यांनी भरून जातं. गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आणि स्टेडियमची बैठक १,०७,६०१. आषाढीला पंढरपूर गर्दीने भरून जातं, तसा इथला प्रत्येक घरचा शनिवार.

अनोळखी तंबूत शिरायचं कसं? जवळ जाऊन हसून सांगा, ‘माझा हा पहिलाच सामना आहे.’ एवढं पुरतं. मी हे वाक्य कमीत कमी पंधरा नवख्यांना शिकवलं असेल आणि एकालाही उपाशी परत आलेलं पाहिलं नाही. लोक खाऊ घालतात, नियम समजावतात, आजोबांच्या वेळचे सामने सांगतात. खरा चाहता नवखा माणूस भेटला की खुलतो. त्याला आपली कथा ऐकणारा हवा असतो.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. चिप्सची पिशवी चालेल, पण आम्ही एकदा बटाटेवडे नेले आणि अर्ध्या तासात शेजारच्या चार तंबूंतली माणसं आमच्याकडे आली. एका हाताने उभ्याउभ्या खाता येईल असंच न्या. खाण्याआधी विचारायला लाजू नका: बर्गर बहुधा गोमांसाचे, सॉसेज डुकराचं, आणि बीन्समध्येही मांस असू शकतं. ‘मी हे खात नाही’ असं सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही. कणीस, बटाट्याचं सॅलड आणि चीज कुठेही मिळतं. दारूला वयाची अट २१ आहे आणि ती खरोखर तपासतात. उघडा कॅन घेऊन रस्त्यावर चालणं अनेक गावांत गुन्हा आहे. तंबूच्या बाहेर पडताना हातातलं पेय तिथेच ठेवा.

वैऱ्याचे तंबूही तिथेच असतात, बहुतेक वेळा शेजारी. लुइझियाना स्टेटच्या चाहत्यांची ख्याती अशी की पाहुण्या संघाचा सदरा दिसला की ते अंगावर आल्यासारखे ‘वाघाचं भक्ष्य!’ म्हणून ओरडतात, आणि लगेच हातात गरम गम्बोचा, म्हणजे तिकडच्या दाट रश्श्याचा, वाडगा देतात. पहिल्यांदा जाणारा माणूस ओरडण्यानेच पळून जातो आणि गम्बोला मुकतो. म्हणून म्हणतो, हाताकडे बघा.

पाचवी पायरी: तिकीट आणि दरवाजा

विद्यार्थ्यांना सवलतीची तिकिटं मिळतात, पण ती हंगाम सुरू होण्याआधीच विकली जातात. प्रवेश मिळाल्यावर आलेली पत्रं नीट वाचा. पहिला सामना वैऱ्याविरुद्धचा निवडू नका. सप्टेंबरात एखाद्या लहान विद्यापीठाशी सामना असतो, तिकीट स्वस्त, लोक निवांत आणि शिकवायला उत्सुक. पिशवीचे नियम कडक आहेत, बहुतेक ठिकाणी फक्त पारदर्शक लहान पिशवी चालते. पाठीवरची सॅक आणलीत तर दारातून परत जावं लागेल.

आईवडील भारतातून येणार असतील तर तिकीट काढण्याआधी घरच्या सामन्यांच्या तारखा बघा. त्या शनिवार-रविवारी हॉटेलं दुपटी-तिपटीने महाग होतात आणि विमानतळाचे रस्ते तुंबतात. गणपतीचा कार्यक्रम शनिवारी ठेवणाऱ्या मराठी मंडळींनीही हे पाहावं. एका वर्षी आमची आरती आणि एक मोठा सामना एकाच वेळी आले, आणि निम्मी माणसं गाड्यांच्या रांगेत अडकून पडली.

सहावी पायरी: टोमणा आणि शिवी यांतला फरक

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नवखे सगळ्यात जास्त इथेच दुखावतात.

समोरच्या चाहत्याला डिवचणं ही इथली रीत आहे. तुम्ही संघाचा सदरा घातलात म्हणजे ‘मला डिवचा’ असं तुम्हीच सांगितलंत. तुम्हाला कुणी डिवचलं, तर त्याने तुम्हाला पाहुणा न मानता गावातला धरलं. पहिल्या वर्षी मला हे अपमानासारखं वाटलं. तिसऱ्या वर्षी कुणी काही बोललं नाही की चुकल्यासारखं वाटू लागलं.

डिवचायला काय चालतं? गेल्या वर्षीचा निकाल, प्रशिक्षक, शुभंकर, राज्यातले रस्ते, हवा, विद्यापीठाचा तोरा. मिशिगनवाले ओहायोवाल्यांच्या अभ्यासावर बोलतात, ओहायोवाले मिशिगनवाल्यांच्या गर्वावर. टेक्सासची खूण म्हणजे तर्जनी आणि करंगळी वर करून केलेली बैलाची शिंगं. वैरी तीच खूण उलटी, जमिनीकडे करून दाखवतात. एवढं केलं तरी टेक्सासचा माणूस लाल होतो. हे सगळं नियमात बसतं.

काय चालत नाही? खेळाडूची दुखापत, कुणाचा मृत्यू, घरच्या बायका-मुली, रंग, धर्म, उच्चार. जखमी खेळाडू मैदानावर पडला की दोन्ही बाजू गप्प होतात आणि तो उठला की दोन्ही बाजू टाळ्या वाजवतात. त्या क्षणी एखादा हसला, तर त्याच्याच बाजूचे लोक त्याला गप्प करतात.

उत्तर कसं द्यावं? बहुतेकदा आपली हाक हसून द्यायची, बस. जरा मुरलात की आकडे वापरा. इथे आकडा हेच शस्त्र आहे. मिशिगनचा चाहता २०२१ ते २०२४ सलग चार विजय सांगेल. ओहायोचा म्हणेल, २०२४ च्या हंगामात तुमच्याकडून १३-१० हरलो, पण जानेवारी २०२५ मध्ये नोत्र दामला ३४-२३ हरवून देशाचं अजिंक्यपद कुणी घेतलं? यावर मिशिगनवाला शांतपणे म्हणेल, ‘पण त्या वर्षी आम्हाला नाही हरवलंत.’ आणि ओहायोवाल्याच्या चेहऱ्यावर ते लागलेलं दिसेल. अजिंक्यपदापेक्षा तो एक सामना मोठा मानणारी माणसं मला कोलंबसमध्ये दर आठवड्याला भेटतात.

या वैराच्या पोटात काय आहे, ते अवघड वेळी दिसतं. १९६९ ते १९७८ ही दहा वर्षं ओहायोचे वूडी हेज आणि मिशिगनचे बो शेम्बेक्लर यांनी एकमेकांशी दात-ओठ खाऊन झुंज घेतली. बो हे पूर्वी वूडींच्याच हाताखाली तयार झालेले. २००६ मध्ये दोन्ही संघ देशात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर होते, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी, १७ नोव्हेंबरला, बो गेले. दुसऱ्या दिवशी कोलंबसच्या स्टेडियमने, वैऱ्याच्या घराने, त्यांच्यासाठी स्तब्धता पाळली. मग ओहायोने ४२-३९ असा सामना जिंकला.

टेक्सास ए अँड एमचे विद्यार्थी टेक्सास विद्यापीठाशी होणाऱ्या सामन्याआधी दरवर्षी लाकडांची प्रचंड होळी रचायचे. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे ती रचताना कोसळली आणि १२ जण गेले. ती होळी वैऱ्याला जाळण्याच्या इच्छेचं प्रतीक होती, आणि पहिल्या मेणबत्त्या लावणाऱ्यांत ते वैरीच होते. सामन्याच्या दिवशी टेक्सासच्या बँडने मैदानावर शोकधून वाजवली आणि टोप्या काढून मैदान सोडलं. ए अँड एमची माणसं आजही ते विसरलेली नाहीत. त्यांच्याशी टेक्सासबद्दल बोललात तर आधी चार शिव्या ऐकाल, आणि मग ही गोष्ट.

आयोवाला जायचा योग आला तर पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला चौथा भाग, संपल्यावर जागेवरून उठून जाऊ नका. स्टेडियमला लागून मुलांचं रुग्णालय आहे, वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून आजारी मुलं सामना बघतात. २०१७ पासून पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम वळून त्यांना हात हलवतं. पाहुणे चाहतेही, पाहुणे खेळाडूही. तेव्हा कुणाचा सदरा कोणत्या रंगाचा आहे, ते कुणी बघत नाही.

सातवी पायरी: जिथून मागे फिरायचं

सगळंच गोड नाही. २०१० साली ऑबर्नने ०-२४ अशा पिछाडीवरून अलाबामाला २८-२७ हरवलं. विजयानंतर ऑबर्नचे लोक टूमर्स कॉर्नर या चौकातल्या जुन्या ओक झाडांवर पांढऱ्या कागदाच्या गुंडाळ्या फेकून आनंद साजरा करतात. अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळांत तणनाशक ओतलं आणि पुढे रेडिओवर फोन करून ते सांगितलंही. झाडं वाचली नाहीत. २०१३ मध्ये ती काढावी लागली आणि तो माणूस तुरुंगात गेला. झाडं वाचवण्यासाठी पैसे जमवणाऱ्यांत अलाबामाचे चाहतेही होते. आपल्या माणसाने मर्यादा ओलांडली तर त्याची लाज वाटणं, हा मला चाहतेपणाचा मोठा गुण वाटतो.

२०२४ मध्ये कोलंबसला मिशिगन जिंकल्यावर त्यांच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यावर आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला. राडा झाला, पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला, दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी १ लाख डॉलर दंड झाला. अशी वेळ आली तर जागेवर बसून राहा, गर्दी पांगली की निघा, मोबाइलवर चित्रण करायला जवळ जाऊ नका.

विजयानंतर हजारो विद्यार्थी मैदानात धावतात. बघायला ते विलक्षण असतं. टेनेसीने २०२२ मध्ये अलाबामाला ५२-४९ हरवलं तेव्हा लोकांनी गोलचे खांब उपटून नदीत टाकले. पण त्यात माणसं चेंगरतात, खांबाखाली सापडतात. आणि तुम्ही विद्यार्थी व्हिसावर असाल तर माझं कळकळीचं सांगणं आहे: उतरू नका. विजयाच्या भरात रस्त्यात सोफा जाळणाऱ्या घोळक्याजवळही थांबू नका. स्थानिक मुलाला झालेली अटक दंडावर मिटेल, तुमची अटक व्हिसाच्या चौकशीत वर्षानुवर्षं मागे लागेल. तो सोफा तुम्ही पेटवला नव्हता, हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं.

आणि जर कुणी रंगावरून, देशावरून बोललं, तर ते ‘खेळाचं’ म्हणून गिळू नका. जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा. बहुतेक मोठ्या स्टेडियममध्ये तक्रारीसाठी संदेश पाठवायचा क्रमांक फलकावर दाखवतात, तो आत जातानाच फोनमध्ये नोंदवा. माझ्याबाबत हे एकदा झालं. मी काही करण्याआधी माझ्या मागच्या रांगेतल्या दोन अनोळखी बायकांनी त्या माणसाची तक्रार केली, आणि त्याला बाहेर नेलं. दोघी समोरच्या संघाच्या होत्या.

आठवी पायरी: वैऱ्याच्या घरी जाताना

दुसऱ्या हंगामानंतरच जा, आणि एकटे जाऊ नका. आपल्या रंगाचा सदरा घाला, लपवू नका. लपवलेला सदरा अर्ध्यात दिसला की लोक जास्त चेकाळतात. जागा शक्यतो पाहुण्यांच्या विभागात घ्या. त्यांचं विद्यापीठगीत सुरू झालं की उभे राहा, टोपी काढा. नौदल आणि लष्कराच्या अकादमींच्या सामन्यात तर दोन्ही संघ शेवटी एकत्र उभे राहून दोघांचीही गीतं म्हणतात, आधी हरलेल्याचं. गाडीवर मोठे झेंडे लावून त्यांच्या गल्लीत रात्री गाडी ठेवू नका. जिंकलात तर आनंद गाडीत बसल्यावर करा. नेब्रास्कात पाहुणा संघ बाहेर पडताना घरचे चाहते टाळ्या वाजवतात. त्यांना हात जोडून या.

नववी पायरी: सोमवार

सामना शनिवारी संपत नाही. सोमवारी प्रयोगशाळेत, कार्यालयात, वाण्याच्या दुकानात तो पुन्हा खेळला जातो. हरलात तर सदरा घालून जा. घरी ठेवलात तर तेच दोन आठवडे ऐकावं लागेल. जिंकलात तर एकदाच बोला. २००७ मध्ये मिशिगनच्या माइक हार्टने मिशिगन स्टेटला ‘लहान भाऊ’ म्हटलं होतं, आणि पुढची चार वर्षं मिशिगन स्टेटने त्यांना ओळीने हरवलं. तो शब्द त्या राज्यात अजून कुणी विसरलेलं नाही.

बोलण्याऐवजी पैज लावा. मिशिगन आणि ओहायोची विद्यार्थी मंडळी चार दशकांहून अधिक काळ सामन्याआधी रक्तदानाची चढाओढ लावत आली आहेत. त्यात नाव नोंदवणं हा नवख्यासाठी सगळ्यात सोपा प्रवेश आहे. शेजाऱ्याशी लावायची पैज लहान असावी आणि दोघांना दिसेल अशी असावी.

माझ्या शेजारचे आजोबा मिशिगनचे. आमचं ठरलेलं: जो हरेल त्याने दुसऱ्याच्या दारासमोरचा हिवाळ्यातला पहिला बर्फ काढायचा. २०२१ पासून ओळीने चार हिवाळे मी फावडं घेऊन त्यांच्या दारात गेलो. ते खिडकीतून बघत, बर्फ कुठे राहिला ते बोट दाखवून सांगत, आणि काम संपत आलं की गरम कोको घेऊन बाहेर येत. कोको नेहमी एकाच कपात असायचा, निळ्या, त्यावर मोठा पिवळा ‘एम’.